मोझांबीक बेट : गोव्याच्या वाटेवरील एक जुनें बंदर

(ज्युबिलीच्या निमित्तानें धर्मग्रामाच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिली आली म्हणजे आपल्या धर्मग्रामाचा इतिहास सांगावयाचा, अशी चाल आहे, आणि ती चांगली आहे. देऊळ कोणीं बांधिलें, घंटा कोठून आली, पहिले धर्मगुरू कोण होते, हें सर्व आपणांस ह्या स्मरणिकेंत वाचावयास मिळेलच. आज मात्र आम्ही आपणांस समुद्रापार एका बेटावर घेऊन जाणार आहों. तें बेट इतकें लहान आहे कीं, सकाळची मिस्सा ऐकून निघालेला मनुष्य न्याहारीच्या वेळेच्या आंत त्याच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सहज चालून जाईल. परंतु ज्या गलबतांनीं पाद्री, बिशप व शुभवर्तमान गोव्यास आणि तेथून आपल्या वसई प्रांतास आणिलें, त्यांपैकीं पुष्कळ गलबतें ह्या बेटाच्या बंदरांत नांगर टाकून मगच पुढें आलीं. आपल्या श्रद्धेच्या वाटेवरील तो एक जुना मुक्काम आहे. आणि ज्याला आपल्या घराचा इतिहास जाणावयाचा आहे, त्यानें वाटेवरचे मुक्कामही पाहिले पाहिजेत.

त्या बेटाचें नांव मोझांबीक. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ह्याच नांवाचा एक मोठा देश आहे, हें शाळेंत जाणाऱ्या मुलांसही ठाऊक असतें. परंतु देशाला नांव मिळालें तें ह्या बेटावरून. आम्ही सेमिनरींत असतांना ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या तासाला हें नांव येई तें एका ओळीपुरतें : संत फ्रान्सिस झेवियर तेथें कांहीं महिने राहिले, एवढेंच. त्या ओळीच्या मागें व पुढें काय आहे, तें आज पाहावयाचें आहे.

बेट प्रवाळाच्या खडकाचें आहे. लांबी सुमारें ३ किलोमीटर, रुंदी अर्ध्या किलोमीटरांहूनही कमी. त्यावर गोड्या पाण्याचा झरा नाहीं. पावसाचें पाणी सपाट गच्च्यांवर धरावें व टांक्यांत सांठवावें, नाहीं तर समोरच्या किनाऱ्यावरून होडींतून आणावें, अशी तेथील जुनी रीत. शेतीला जागा नाहीं. धान्य व फळफळावळ समोरच्या गांवांतून यावयाची. मग अशा ठिकाणीं शहर वसलें तरी कां? ह्याचें उत्तर एकच : बंदर. गलबतांना वाऱ्यापासून आसरा आणि मालाला सुरक्षित जागा, एवढें मिळालें कीं व्यापारी तहान सोसावयास तयार होतो.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, ह्या बेटाचा इतिहास वास्को द गामापासून सुरू होतो. तसें नाहीं. पोर्तुगीज येण्यापूर्वीं कित्येक पिढ्या आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर स्वाहिली लोकांचीं व्यापारी गांवें वसलेलीं होतीं. उत्तरेस किल्वा हें त्यांतील मोठें शहर; मोरोक्को देशाचा प्रवासी इब्न बतूता इ. स. १३३१ च्या सुमारास तेथें आला होता. दक्षिणेस सोफाळा, तेथें आफ्रिकेच्या अंतर्भागांतून सोनें येई. ह्या दोहोंच्या मधल्या वाटेवर मोझांबीक. इस्लाम धर्माचा एक शेख तेथें राज्य करी, आणि मूसा बिन बीक ह्या शेखाच्या नांवावरूनच बेटाला नांव पडलें, असें परंपरा सांगते. सोनें व हस्तिदंत बाहेर जाई. गुजराथचें कापड व खंबायतचे मणी आंत येत. खिळा न मारतां काथ्याच्या दोरीनें फळ्या शिवून बांधिलेलीं गलबतें गामाच्या लोकांनीं तेथें पाहिलीं. कोंकणच्या किनाऱ्यावरील वृद्ध माणसांना अशा गलबतांचें वर्णन निराळें वाटणार नाहीं. हिंवाळ्याच्या वाऱ्यानें आपल्या बाजूकडून आफ्रिकेस जावें आणि पावसाळी वाऱ्याबरोबर परतावें, हा क्रम दोन्ही किनाऱ्यांच्या खलाशांस फार पुरातन काळापासून माहीत होता. तात्पर्य, समुद्र हा आपल्यामध्यें व त्यांच्यामध्यें भिंत नव्हता, रस्ता होता.

इ. स. १४९८ च्या मार्च महिन्याच्या २ तारखेस वास्को द गामाचीं गलबतें ह्या बंदरांत शिरलीं. प्रथम शेखानें पाहुण्यांचें आदरातिथ्य केलें. पुढें हे ख्रिस्ती आहेत असें कळलें, संशय वाढला, आणि पिण्याच्या पाण्यावरून तंटा होऊन पोर्तुगीजांनीं गांवावर तोफा डागल्या. तेथून गामा मालिंदीस गेला, तेथें त्याला वाटाड्या मिळाला, आणि २० मे रोजीं तो कालिकतजवळ पोंचला. बंधूंनो, ही गोष्ट आपण जशी घडली तशी मनांत ठेवावी. ज्या लोकांनीं क्रूसाचें चिन्ह आपल्या शिडांवर रंगविलें होतें, त्यांची त्या बेटावरील पहिली भेट पाणी मागण्यानें सुरू झाली व तोफांनीं संपली.

थोड्याच वर्षांत बेट पोर्तुगीजांच्या ताब्यांत आलें. १५०७ च्या सुमारास त्यांनीं तेथें एक लहान किल्ला, वखार व इस्पितळ उभारिलें. बेटाच्या उत्तर टोंकास, अगदीं समुद्राच्या कडेला, १५२२ सालीं पवित्र मरियेच्या नांवानें एक लहानसें देऊळ बांधण्यांत आलें. 'बुरुजाची माता' असें तिचें नांव. पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धांत युरोपियन लोकांनीं बांधिलेली व अद्याप उभी असलेली सर्वांत जुनी इमारत म्हणून विद्वान् लोक ह्या देवळाकडे बोट दाखवितात. त्याच्या लगत १५५८ सालीं संत सेबास्त्याव ह्यांच्या नांवाचा मोठा दगडी किल्ला बांधावयास घेतला. तो पुरा व्हावयास १६२० साल उजाडलें.

ह्या देवळाला वीस वर्षेंही झालीं नव्हतीं, तोंच संत फ्रान्सिस झेवियर तेथें आले. १५४१ च्या एप्रिलच्या ७ तारखेस, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशीं, ते लिस्बनहून निघाले होते. नवे गव्हर्नर मार्तीं अफोंसो द सोझा त्याच काफिल्यांत होते. ऑगस्टअखेर मोझांबीक आलें, परंतु गोव्याकडे नेणारा वारा निघून गेला होता. अशा वेळीं गलबतांना बेटावर कित्येक महिने वाट पाहावी लागे. माणसें समुद्रावरूनच तापानें व हिरड्यांच्या रोगानें खंगून आलेलीं असत. बेटावर पाणी तोकडें, हवा रोगट. कित्येक तेथेंच दफन होत. संत फ्रान्सिस ह्यांनीं त्या इस्पितळांत आजाऱ्यांची सेवा केली, त्यांचे पापांगीकार ऐकले, मरणाऱ्यांजवळ बसले, आणि शेवटीं स्वतःच तापानें अंथरुणास खिळले. १५४२ च्या १ जानेवारीस त्यांनीं तेथून रोमला पत्र लिहिलें. पुढें गव्हर्नरांबरोबर ते निघाले. त्यांचे सोबती मात्र आजाऱ्यांच्या सेवेसाठीं मागें राहिले. ६ मे १५४२ रोजीं ते गोव्यास उतरले. हिंदुस्थानचे हे थोर प्रेषित, ज्यांचे पाय पुढें आपल्या वसईसही लागले, त्यांनीं पूर्वेकडील आपल्या सेवेची सुरुवात ह्या बेटावरील आजाऱ्यांच्या खाटेपाशीं केली.

ह्या बेटाशीं गोव्याचें नातें पुढें फार जवळचें झालें. राज्यकारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखालीं होता. तो १७५२ सालीं वेगळा झाला. ख्रिस्तसभेच्या दृष्टीनेंही तो प्रांत गोव्याच्या महाधर्मप्रांतांतच मोडत असे. १६१२ सालीं पोप पांचवे पॉल ह्यांनीं त्याला स्वतंत्र व्यवस्था लावून दिली. गोव्याच्या येशूसंघाचे प्रांताधिकारी असलेले फादर गोन्सालो द सिल्वेरा १५६० सालीं ह्याच वाटेनें आफ्रिकेच्या अंतर्भागांत गेले व १५६१ च्या मार्चमध्यें मोनोमोटापाच्या दरबारीं हुतात्मे झाले. पोर्तुगीजांचे महाकवी कामोंइश गोव्याहून मायदेशीं परततांना येथेंच पैशावांचून अडकून पडले; १५६९ सालीं दियोगु दु कोतो ह्या इतिहासकारानें त्यांना अशा हलाखींत पाहिलें व मित्रमंडळीनें त्यांची पुढील सोय केली. १६०७ व १६०८ ह्या लागोपाठ दोन वर्षीं डच आरमारानें बेटाला वेढा घातला. गांव जळालें, देवळें उद्ध्वस्त झालीं, परंतु किल्ला पडला नाहीं. पुढें अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत त्या भूमीवर काम करणाऱ्या धर्मगुरूंत गोवेकरांचा भरणा मोठा होता. त्यांपैकीं कित्येकांनीं घरापासून दूर, तापाच्या त्या मुलखांत, सेवा करितां करितां देह ठेविला. कांहीं मात्र व्यापारांत व गुलाम बाळगण्यांत गुंतले. दोन्ही गोष्टी इतिहासांत नमूद आहेत, व आम्ही दोन्ही सांगत आहों.

व्यापाराचें सूत्र दीवच्या वाण्यांच्या हातीं होतें. १६८६ सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयनें दीव व मोझांबीक ह्यांमधील व्यापाराचा मक्ता त्यांच्या मंडळीस दिला. गुजराथचें कापड तिकडे जाई व हस्तिदंत इकडे येई. गोव्याच्या जुन्या देवळांतून व संग्रहालयांतून हस्तिदंताच्या नाजूक मूर्ति आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिल्या असतील : क्रूसावरील प्रभु, बाळ येशू, पवित्र मरिया. कारागीर आपल्या देशाचे. परंतु त्यांच्या हातांतील हस्तिदंत बहुतांशीं आफ्रिकेच्या त्या किनाऱ्याहून आलेला. तो हस्तिदंत अंतर्भागांतून किनाऱ्यापर्यंत माणसांच्या डोक्यावरून यावयाचा.

आतां आम्ही त्या गोष्टीकडे येतों, जिच्यासाठीं हा विषय आज निवडिला. त्या वाटेनें केवळ हस्तिदंत येत नव्हता. माणसेंही आणिलीं जात. गुलामांचा व्यापार त्या किनाऱ्यावर जुनाच होता, आणि गोव्यांतील धनिकांच्या घरीं मोझांबीकहून आणिलेले गुलाम राबत असत. परंतु अठराव्या शतकांत फ्रेंचांना मॉरिशस व रेयुनियों ह्या आपल्या बेटांवरील मळ्यांसाठीं माणसें हवीं झालीं, आणि त्यानंतर ब्राझील देशालाही. तेव्हांपासून मोझांबीक बेट हें माणसांच्या विक्रीचें मोठें पेठ बनलें.

एकाच गलबताची हकीकत सांगतों. साव जोझे, म्हणजे संत योसेफ, असें त्याचें नांव. १७९४ च्या एप्रिलांत तें लिस्बनहून निघालें तेव्हां त्याच्या तळाशीं लोखंडाच्या १,४०० कांबी भरल्या होत्या. कशासाठीं? मालाच्या पेट्या जड असतात व जागच्या हालत नाहींत; माणसें हलकीं असतात व हालतात; म्हणून गलबताचा तोल राहावा एवढ्यासाठीं तें लोखंड. ३ डिसेंबर रोजीं मोझांबीक बेटावरून चारशेंहून अधिक गुलाम घेऊन तें ब्राझीलकडे निघालें. २७ डिसेंबरला, प्रभूच्या जन्मोत्सवानंतर दोनच दिवसांनीं, आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाजवळ, केप टाउनच्या किनाऱ्यालगत, खडकावर आपटून तें फुटलें. कप्तान व खलाशी वांचले. गुलामांपैकीं सुमारें निम्मे बुडाले. जे पोहून वा ओढून किनाऱ्यास लागले, त्यांना थोड्याच दिवसांत तेथें विकून टाकण्यांत आलें. समुद्रतळाशीं सांपडलेले अवशेष ह्याच गलबताचे आहेत, हें संशोधकांनीं २०१५ सालीं जाहीर केलें. त्यांत त्या लोखंडी कांबीही होत्या. त्याच वर्षीं जून महिन्यांत मोझांबीकच्या किनाऱ्यावरची माती नेऊन पाणबुड्यांनीं ती त्या जागीं समुद्रांत सोडिली. दोनशें एकवीस वर्षांनीं त्या माणसांना आपल्या गांवची मूठभर माती मिळाली.

येथें एक गोष्ट धर्मगुरु ह्या नात्यानें आम्हांस बोलल्यावांचून राहवत नाहीं. पोर्तुगीज राज्यांत गुलामांस जहाजावर चढविण्यापूर्वीं स्नानसंस्कार देण्याचा प्रघात होता. ज्या संस्कारानें मनुष्य देवाचें लेंकरूं होतो, तो संस्कार पायांत बेडी असलेल्या मनुष्यास देण्यांत आला, आणि देणाऱ्यानें ती बेडी तोडा असें म्हटलें नाहीं. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकींत ह्याचा निषेध नव्हता असें नाहीं. पोप तिसरे पॉल ह्यांनीं १५३७ सालीं अमेरिकेंतील मूळ रहिवाशांस व इतर लोकांस गुलाम करूं नये असें लिहिलें होतें. पोप सोळावे ग्रेगरी ह्यांनीं १८३९ सालीं ह्या व्यापाराचा स्पष्ट धिक्कार केला. परंतु १४५५ सालीं पोप पांचवे निकोलस ह्यांनीं पोर्तुगालच्या राजाला जें फर्मान दिलें होतें, त्यांत परधर्मीयांस गुलाम करण्याची मुभा होती, हेंही लपविण्याचें कारण नाहीं. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं १९९२ च्या फेब्रुवारींत सेनेगाल देशांतील गोरे नांवाच्या बेटावर उभें राहून ह्या पापाबद्दल क्षमा मागितली, आणि २०२३ च्या मार्चमध्यें रोमच्या धर्मपीठानें असल्या जुन्या फर्मानांवर उभारलेला सिद्धांत आपला नव्हे असें जाहीर केलें. ख्रिस्तसभा जर आपल्या इतिहासाकडे उघड्या डोळ्यांनीं पाहूं शकते, तर तिच्या लेंकरांनीं भिण्याचें कांहीं कारण नाहीं.

पोर्तुगालनें १८३६ सालीं गुलामांची निर्यात बंद केली. तरी चोरटा व्यापार पुढें कित्येक वर्षें चालूच राहिला. बेटाला १८१८ सालींच शहराचा दर्जा मिळाला होता, परंतु त्याचें वैभव ओसरूं लागलें होतें. १८९८ सालीं राजधानी दक्षिणेस लोरेन्सो मार्किश, म्हणजे आजचें मापुटो, येथें गेली. उत्तरेस नाकाला बंदर पुढें आलें आणि मोठीं जहाजें तिकडे वळलीं. बेट मुख्य भूमीला जोडणारा तीन किलोमीटरांहून अधिक लांबीचा पूल झाला, पण व्यापार परतला नाहीं. २५ जून १९७५ रोजीं देश स्वतंत्र झाला, आणि १९९१ सालीं युनेस्कोनें बेटाची जागतिक वारशांत गणना केली.

आज जो कोणी तेथें जातो, त्याला एका बेटावर दोन गांवें दिसतात. उत्तरेकडे दगडी गांव : वाडे, वखारी, येशूसंघाचें जुनें विद्यालय जें पुढें गव्हर्नरांचा राजवाडा झालें, देवळें, मशिदी, हिंदूंचें मंदिरही. दक्षिणेकडे माकूतीचें गांव : माडाच्या झांवळ्यांनीं शाकारलेलीं, दाटीवाटीनें उभीं असलेलीं गरिबांचीं घरें. हें दुसरें गांव रस्त्याहून खालीं, खळग्यांत आहे. कारण काय? दगडी गांवाचे वाडे बांधावयास दगड लागला, तो येथून खणून काढला. जेथून दगड गेला तेथें खड्डा राहिला, आणि ज्यांनीं दगड वाहिला त्यांच्या वंशजांनीं त्या खड्ड्यांत झोंपड्या बांधिल्या. मोठा पाऊस आला कीं पाणी त्यांच्याच दारांत तुंबतें. त्या शहराचा सर्व इतिहास ह्या एका खळग्यांत लिहिलेला आहे.

संकटें अजून संपलेलीं नाहींत. २०२२ च्या मार्चमध्यें गोंबे नांवाचें चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आदळलें. ७ एप्रिल २०२४ रोजीं पटकीच्या अफवेनें घाबरलेलीं माणसें लुंगा येथून एका मच्छीमार होडींत दाटून बसलीं व बेटाकडे निघालीं. होडी बुडाली आणि नव्वदांहून अधिक माणसें मेलीं, त्यांत पुष्कळ मुलें होतीं. ज्या बेटापासून माणसें एके काळीं बळानें दूर नेलीं गेलीं, त्याच बेटाकडे तीं आसऱ्यासाठीं धांवत होतीं. आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांना होडी बुडणें म्हणजे काय हें आम्हीं सांगावयास नको.

आतां आपल्या ज्युबिलीकडे वळूं. ज्युबिली हा शब्द मूळ हिब्रू भाषेंतला. 'योबेल' म्हणजे एडक्याचें शिंग. जुन्या करारांत लेवीयाच्या पुस्तकांत आज्ञा आहे कीं, पन्नासाव्या वर्षीं तें शिंग फुंकावें, आणि तें ऐकतांच गुलाम सुटावा, गहाण पडलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जावी. म्हणजे रोषणाई, मिरवणूक व मेजवानी हीं ज्युबिलीचीं अंगें खरीं, पण तिचा जीव निराळा आहे. ज्युबिली म्हणजे सुटका. शिंगाचा आवाज ज्याच्या बेडीपर्यंत पोंचला नाहीं, त्याच्यापुरती ज्युबिली झालीच नाहीं.

म्हणून आम्ही आपणांपुढें तीन गोष्टी ठेवितों. पहिली, आपल्या धर्मग्रामाचा इतिहास पुरा लिहावा. देणगीदारांचीं नांवें संगमरवरावर कोरलेलीं आहेत, तीं राहोत. परंतु ज्यांनीं दगड फोडिला, चुना मळला, पाणी वाहिलें, त्यांचीं नांवें कोठें आहेत? घरांतील वृद्धांना विचारा, जीं आठवतील तीं आम्हांस आणून द्या. आपल्या नोंदवहींत तीं लिहूं व मिस्सेंत त्यांच्यासाठीं प्रार्थना करूं. साव जोझेवरील माणसांचे आंकडे राहिले, नांवें गेलीं. आपल्या अंगणांत तरी तसें होऊं नये.

दुसरी, आपल्याच आसपास पाहावें. वेठबिगारी १९७६ सालच्या कायद्यानें आपल्या देशांत बंद झाली आहे. परंतु उचल घेऊन वीटभट्टीवर आलेलें कुटुंब तें ऋण फिटेपर्यंत हालूं शकत नाहीं, असें दृश्य आपण कधींच पाहिलें नाहीं काय? आपल्या स्वयंपाकघरांत राबणाऱ्या मुलीला रविवारीं मिस्सेस जावयास सुटी मिळते काय? तोल सांभाळावयास तळाशीं लोखंड भरणारा मनुष्य आपण राक्षस होता असें समजतों. तोही हिशेब नीट ठेवणारा, बहुधा रविवारीं देवळांत जाणारा मनुष्य होता. पाप पुष्कळदां असेंच व्यवस्थित असतें.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. ज्या कोणाच्या पेटींत एखाद्या गरिबाचा कर्जाचा कागद अथवा गहाणखत पडून असेल, आणि मुद्दल केव्हांच वसूल झालेलें असेल, त्यानें ह्या ज्युबिलीच्या वर्षीं तो कागद त्या गरिबाच्या हातीं परत द्यावा. त्याचा गाजावाजा नको, आम्हांसही सांगावयास नको. देवळावर लाविलेल्या हजार दिव्यांपेक्षां तो एक कागद प्रभूला अधिक प्रिय होईल, ह्याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं.

मोझांबीक बेटाच्या टोंकावर तें लहानसें देऊळ पांच शतकें समुद्राकडे तोंड करून उभें आहे. त्यानें संत फ्रान्सिस ह्यांना जातांना पाहिलें व साव जोझेलाही जातांना पाहिलें. एकच बंदर, एकच वारा, एकच क्रूस. एक आजाऱ्याच्या उशाशीं बसला, दुसऱ्यानें माणसें तळघरांत कोंडिलीं. आपलेंही देऊळ उभें आहे व पुढें उभें राहील. त्याच्या दारांतून बाहेर पडतांना आपण कोणत्या वाटेनें जातों, एवढाच प्रश्न आहे. संत फ्रान्सिस झेवियर आपणांसाठीं विनंती करोत, आणि प्रभु येशू ख्रिस्त ह्या ज्युबिलींत आपल्या प्रत्येकाच्या हातून एखादी तरी बेडी तोडवून घेवो. आमेन.